ब्रीडवर बंदी आली आणि मालक सुटला

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एका सहा वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. गालावर, डोळ्याच्या खाली जेमतेम दोन बोटं. लिफ्टमध्ये शिरताशिरता तिने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले, त्याने मान वळवली आणि झालं. चावणारा कुत्रा कुठला तर लॅब्रॅडॉर. दहा वर्षांचा, अख्ख्या बिल्डिंगचा लाडका, गणपतीत मांडवात पोरांच्या मधोमध झोपणारा. त्याचा कान कित्येक दिवस दुखत होता, आतून वास येत होता, घरच्यांनी डॉक्टरला दाखवायचं म्हणतम्हणत पुढे ढकललं होतं, आणि त्या पोरीचा हात नेमका त्याच कानावर पडला. मी तेव्हा खालीच होते म्हणून तिला आमच्या बेसिनपाशी नेऊन साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुतलं, रक्त आणि फेस एकत्र वाहत होतं आणि पोरगी रडत नव्हती, नुसती माझ्या ओढणीचा काठ घट्ट धरून उभी होती.

त्यानंतर आठ दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली आणि तिथे ठराव काय झाला तर रॉटवायलर आणि पिटबुल ठेवायला बंदी. आमच्याकडे पिटबुल नाहीये. रॉटवायलर एकच आहे, सी विंगमध्ये, चार वर्षांची मादी, नसबंदी झालेली, पट्ट्याशिवाय कधी दाराबाहेर न आलेली. ती आजवर कुणावर भुंकल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. मी विचारलं की चावला कोण आणि बंदी कुणावर, तर उत्तर आलं की उद्या ती चावली तर गाल नाही, मान जाईल. हे उत्तर मूर्खपणाचं नाहीये, त्यात भीती खरी आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

कारण आमच्या मीटिंगमध्ये जे झालं तेच देशाच्या पातळीवरही झालं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, तेवीस प्रकारची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांच्या विक्रीला आणि ब्रीडिंगला परवाने देऊ नका, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांची नसबंदी करून घ्या. ती यादी मी नीट वाचली. त्यात टोसा इनू आहे आणि पुढे परत जपानी टोसाही आहे, म्हणजे एकच कुत्रा दोनदा. त्यात 'टेरियर्स' असा एकच शब्द आहे, आता टेरियर म्हणजे पिटबुलही आणि पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही, दोघांना एकच नियम. कांगाल, टॉर्नयाक, शार्प्लानिनाक अशी तुर्कस्तान आणि बाल्कन भागातली मेंढ्या राखणारी कुत्री आहेत जी आपल्यातल्या बहुतेकांनी फोटोतही बघितली नसतील. अमेरिकन बुलडॉग आहे, पण अमेरिकन बुली, जो आज पुण्या-मुंबईत रस्त्यावर सर्रास दिसतो, तो नाही. जर्मन शेफर्ड नाही, डॉबरमन नाही. ज्याने कुणी ही यादी केली त्याने आपल्याकडची चावण्याची प्रकरणं समोर ठेवून ती केली असेल असं वाटतच नाही. कर्नाटक हायकोर्टाने १० एप्रिल २०२४ ला ते पत्र रद्द केलं, संबंधितांना न विचारता काढलं म्हणून, आणि मग केंद्राने लोकांकडून हरकती मागवल्या. पण गावोगावच्या महापालिका आणि सोसायट्यांच्या डोक्यात ती यादी बसली ती बसलीच.

भीती खरी आहे असं मी म्हटलं, ते उगाच म्हटलं नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला घरातल्याच पिटबुलने मारलं. मे २०२४ मध्ये चेन्नईत एका बागेत पाच वर्षांच्या मुलीवर दोन रॉटवायलर तुटून पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला आणि त्यानंतर गोवा सरकार बंदीच्या मागे लागलं. त्या मुलाच्या आईला जाऊन कुणी सांगेल का की ताई, आकडेवारी बघा, ब्रीडचा काही संबंध नसतो? मी सांगू शकणार नाही. आणि ते खरंही नाहीये. दणकट, ताकदवान जनावर, ज्याचा जबडा तसा आहे आणि एकदा धरलं की सोडायचं नाही अशी ज्याची पैदास पिढ्यान्पिढ्या केली गेली, ते चावलं तर जखम पॉमेरेनियनसारखी होणार नाही हे उघड आहे. 'सगळी कुत्री सारखीच' हे प्राणीप्रेमी मंडळींचं वाक्य मला पटत नाही, त्यामुळे उलट आपली बाजू कमकुवत होते. माझा प्रश्न वेगळा आहे. बंदीने त्या मुलाचा जीव वाचला असता का, आणि उद्याच्या मुलाचा वाचेल का?

याचं उत्तर शोधायला फार कल्पना लढवावी लागत नाही, कारण ब्रिटनने हा प्रयोग तीस वर्षांहून जास्त काळ करून बघितलाय. १९९१ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डला सहा वर्षांच्या एका मुलीवर पिटबुलने भयंकर हल्ला केला, पेपरमध्ये फोटो आले, लोक खवळले, आणि काही आठवड्यांत डेंजरस डॉग्ज अॅक्ट पास झाला. चार प्रकारांवर बंदी, पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. मग काय व्हायला पाहिजे होतं? कुत्रा चावल्यामुळे हॉस्पिटलात अॅडमिट होणारे कमी व्हायला पाहिजे होते. इंग्लंडमध्ये १९९८ साली हे प्रमाण दर लाख लोकांमागे सहाच्या जरा वर होतं, ते २०१८ पर्यंत जवळजवळ पंधरावर गेलं. वीस वर्षांत दुपटीपेक्षा जास्त, आणि सगळा काळ बंदी लागू होती.

यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढचीच आहे. पिटबुलवर बंदी आहे ना, मग लोकांनी दुसरं काहीतरी आणलं. अमेरिकेत पिटबुलच्याच रक्तातून, त्यात बाकीचे बुलडॉग मिसळून तयार केलेला एक्सएल बुली ब्रिटनमध्ये शिरला, यादीत नाव नसल्यामुळे कायदेशीर, आणि लॉकडाऊनच्या काळात धडाधड विकला गेला. २०२१ नंतर कुत्र्यांच्या हल्ल्यात माणसं मरण्याचं प्रमाण वाढायला लागलं तेव्हा सरकारने परत तेच केलं, यादीत पाचवं नाव घातलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून विक्री आणि ब्रीडिंग बंद, १ फेब्रुवारी २०२४ पासून सर्टिफिकेटशिवाय ठेवणं गुन्हा. आता एक्सएल बुली ओळखायचा कसा, तर सरकारने मापं ठरवून दिली, नर असेल तर खांद्यापाशी उंची ५१ सेंटिमीटर किंवा जास्त, मादी ४८, डोकं असं, छाती अशी. म्हणजे पोलिसाने टेप घेऊन कुत्र्याच्या खांद्याची उंची मोजायची. पन्नास सेंटिमीटर भरला तर तो सुरक्षित आणि एक्कावन्न भरला तर धोकादायक, असं कुठे असतं का? पन्नास हजारांहून जास्त कुत्र्यांची सर्टिफिकेटं निघाली, त्याच्या मागे माणसं, पैसा, पोलिसांचा वेळ सगळं गेलं. आणि ज्याला अंगावर सोडायला कुत्रा हवा आहे तो माणूस आज सहावं ब्रीड शोधत असणार.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगते. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली, चावे कमी झाले नाहीत म्हणून २००८ मध्ये उठवली. इटलीत एके काळी नव्वदहून जास्त ब्रीडची यादी होती, २००९ मध्ये ती फेकून दिली आणि जबाबदारी मालकावर टाकली. डेन्मार्कने २०१० मध्ये तेरा ब्रीड बंद केले, ओडेन्सेच्या हॉस्पिटलमधले चावे नंतर अभ्यासले गेले तेव्हा फरक सापडला नाही. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर १९८९ पासून पिटबुल बंदीसाठी प्रसिद्ध होतं, तिथल्या मतदारांनीच २०२० मध्ये बंदी काढून परमिट पद्धत आणली. उलट बाजूचाही एक अभ्यास आहे आणि तो लपवणं बरोबर नाही, कॅनडातल्या मॅनिटोबात ज्या भागांत ब्रीड बंदी आली तिथे कुत्रा चावून अॅडमिट होण्याचं प्रमाण लाखामागे ३.४७ वरून २.८४ झालं. म्हणजे कुठेच काहीच फरक पडत नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. पण हा फरक केवढा आहे ते बघा, लाखामागे एकसुद्धा माणूस नाही. असल्या फरकासाठी सगळं लक्ष एका यादीवर लावायचं का हा प्रश्न उरतोच.

असं का होतं यावर मी बरंच वाचलं, त्यातला एक अभ्यास डोक्यातून जात नाही. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्याच्या हल्ल्यात मेलेल्या २५६ माणसांची प्रकरणं एकेक करून तपासली गेली, नुसती पेपरची कात्रणं नाही, तर पोलिसांशी बोलून. ८७ टक्के प्रकरणांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी केलेली नव्हती. ७६ टक्क्यांत तो कुत्रा घरातला नव्हताच, म्हणजे माणसांत वावरणारा नव्हता, साखळीला किंवा कंपाउंडात एकटा ठेवलेला. बळी पडलेल्यांत लहान मुलं आणि म्हातारी, आजारी माणसं जास्त. आणि ब्रीड? खात्रीने सांगता येईल अशी प्रकरणं फक्त अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांत ब्रीड खात्रीने ठरवताच आलं नाही. २०२२ साली अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांवर झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातही निघालं की एखादा कुत्रा कसा वागेल यातला फक्त नऊ टक्के फरक ब्रीडवरून सांगता येतो. उरलेल्यात बरंच काही येतं, वय, नर-मादी, पहिल्या काही आठवड्यांत त्याने काय बघितलं, कुणी कसं वाढवलं, कुठे दुखतंय का. आमच्या लॅब्रॅडॉरचा कान दुखत होता.

साखळीचं वाचल्यावर मला आमच्या गावाकडच्या रस्त्यावरचा एक प्लॉट आठवला. प्लॉटिंगवाल्याने पत्र्याची शेड मारून राखणीला रॉटवायलर बांधलाय. येताजाता मी दोन वर्षं त्याला बघतेय. साखळी जेमतेम चार फूट, जमिनीवर साखळी घासून अर्धगोल चर पडलाय, त्या चराच्या बाहेर गवत आहे आणि आत नुसती तापलेली माती. पाण्याचं घमेलं कधी भरलेलं, कधी पालथं. वॉचमन सांगत होता की मालकाने सांगितलंय, जास्त हात लावू नको, लाडावला की बिघडतो. ते जनावर दिवसाचे चोवीस तास येणारी प्रत्येक मोटरसायकल, प्रत्येक पोरगं बघून स्वतःला गळफास लावत ओढतं, आणि ज्या दिवशी त्या साखळीची कडी तुटेल त्या दिवशी जे होईल त्याची बातमी येईल 'रॉटवायलरचा हल्ला' म्हणून. त्या बातमीत चार फुटी साखळी नसेल, पालथं घमेलं नसेल, 'हात लावू नको' म्हणणारा मालक तर नसेलच. आणि समजा उद्या रॉटवायलरवर बंदी आली तर तो माणूस तिथे जर्मन शेफर्ड बांधेल, नाहीतर गावठी बांधेल, साखळी तीच राहील. राखणीला कुत्रा पाळायला माझा विरोध नाहीये, आमच्या आजोळी वस्तीवर कायम दोन-तीन असायची, पण ती मोकळी असायची, माणसांत असायची, पाहुणा कोण आणि चोर कोण हे त्यांना कळायचं.

दुसरी गोष्ट पिल्लांच्या बाजाराची. इन्स्टाग्रामवर एकाची जाहिरात बघून मी मुद्दाम फोन केला होता. पिटबुलचं पिल्लू, बारा हजार, पस्तीस दिवसांचं. बाप फायटर आहे ताई, लाइन एकदम कडक आहे, असं त्याने अभिमानाने सांगितलं. मायक्रोचिप? नाही. रजिस्ट्रेशन? तो हसला. आता बघा, आपल्याकडे २०१७ पासून डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, पिल्लाला मायक्रोचिप लावायची. कुत्र्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे त्या एका फोनमध्ये तो माणूस तीन-चार नियम मोडत होता आणि यातल्या एकाही नियमासाठी त्याला पिटबुल म्हणजे काय हे ठरवायची गरज नव्हती. आईपासून पाचव्या आठवड्यात तोडलेलं, भावंडांत खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हेही न शिकलेलं, आणि फायटर म्हणून विकलेलं पिल्लू कुणाच्या घरी जाणार? तर ज्याला फायटर हवाय त्याच्याच घरी. धोका त्या दिवशी तयार होतो.

आणि शिक्षा काय? प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून माणसाला धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हो, आजही पन्नास रुपयेच. ब्रिटनमध्ये कुत्रा मोकाट सुटून माणूस मेला तर मालकाला चौदा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, कुत्रा कुठल्याही ब्रीडचा असो. त्यांच्या कायद्यातला हा भाग कामाचा आहे आणि आपण उचलला कुठला, तर यादी.

आता आकडे आपल्याकडचे. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सदतीस लाखांहून जास्त नोंदी झाल्या, त्यात महाराष्ट्रातल्याच पावणेपाच लाखांच्या वर, देशात सगळ्यात जास्त. रेबीजने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अंदाजानुसार वर्षाला साधारण ५,७०० माणसं जातात. यात पिटबुल किती? मला सांगता येणार नाही आणि सरकारलाही सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी हॉस्पिटलात पोरीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'डॉग बाइट, पेट, कॅटेगरी थ्री' (म्हणजे पाळीव कुत्रा, सगळ्यात गंभीर प्रकारची जखम) एवढंच लिहिलं, तिथे ब्रीड लिहायची जागाच नव्हती. मग तेवीस नावं आली कुठून? शेजारच्या बाकावर ज्या चार-पाच बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या त्यांच्यातल्या एकीलाही विदेशी कुत्रा चावलेला नव्हता, सगळे रस्त्यावरचे. आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिद्रव्यांचं औषध, तिथे संपलेलं होतं, पोरीच्या वडलांनी तीन मेडिकल पालथी घातली तेव्हा चौथ्यात मिळालं. गालावरची जखम, मेंदूच्या इतकी जवळ, तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो, आणि बाकावरच्या त्या बायकांना ते बाहेरून विकत घेणं झेपणारं नव्हतं. सुरक्षितता म्हणजे मला त्या दिवसापासून हे दिसतं, फ्रिजमध्ये ठेवलेली ती बाटली आहे की नाही.

मोठ्या, ताकदवान कुत्र्यांसाठी नियम कडक हवेत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण ते वजनावर आणि वागण्यावर असावेत. तीस किलोच्या वरचा कुत्रा असेल तर लायसन्स, चिप, ब्रीडिंगचा परवाना नसेल तर नसबंदी, सार्वजनिक जागी मोठ्या माणसाच्या हातात छोटा पट्टा, एकदा कुणावर धावून गेल्याची तक्रार खरी ठरली की तोंडाला मुसकं सक्तीचं, मग तो लॅब्रॅडॉर का असेना. मालकाच्या नावावर थर्ड पार्टी विमा, गाडीला असतो तसा. आणि चावला तर उपचाराचा सगळा खर्च मालकाकडून वसूल, कोर्टाच्या फेऱ्या न मारता. कॅनडातल्या कॅलगरी शहराने साधारण हाच रस्ता धरला, ब्रीडवर बंदी न घालता लायसन्स आणि दंड यांच्यावर जोर दिला, लायसन्स नसलेल्या कुत्र्याला चांगला सणसणीत दंड, आणि जगभरातल्या महापालिका त्याचं उदाहरण देतात. आपल्या महापालिकांकडे कुत्र्याच्या लायसन्सची तरतूद आहेच की. आमच्या सोसायटीत अकरा कुत्री आहेत, मी दारोदार जाऊन विचारलं, लायसन्स दोघांचं. त्यातलं एक सी विंगमधल्या रॉटवायलरचं.

ज्यांना बंदी हवी आहे त्यांच्याशी मला भांडायचं नाहीये, त्यांच्यातली निम्मी माणसं आपल्या नातवंडांच्या काळजीने बोलतात. पण यादी केली की वाटतं काम झालं, आणि तिथेच घात होतो. पेपरात बातमी येते, नगरसेवक बाईट देतात, आणि दुसऱ्या दिवशी चार फुटी साखळी, पस्तीस दिवसांचं पिल्लू आणि दुखणारा कान जिथल्या तिथे असतात.

पोरीच्या गालावर आता बारीक पांढरी रेघ राहिलीये. अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन घ्यायला मीच तिला घेऊन गेले होते. लॅब्रॅडॉरच्या कानाचं ऑपरेशन झालं, त्याच्या घरच्यांनी मुलीचा सगळा खर्च न मागता दिला, आता तो लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो, पट्टा आखूड असतो. सी विंगमधली रॉटवायलर मात्र ठरावामुळे अजून लटकलेली आहे, तिच्या मालकिणीने घर बघायला सुरुवात केलीये. येत्या रविवारी परत मीटिंग आहे. मी ठराव मागे घ्या असं लेखी देणार आहे, आणि त्याच कागदावर खाली अकरा फ्लॅटचे नंबर लिहून लायसन्स, लसीची तारीख, नसबंदी आणि पट्टा असे चार रकाने आखलेत. दोन ओळी भरल्यात, नऊ भरायच्या आहेत.